चांकियोचे तेरा बुरूज आणि उभं राहायची जागा

बांधावरचा

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो, पण हा विषय डोक्यातून जाईना म्हणून धागा काढतोय. लांबलाय, सांभाळून घ्या.

माझी सगळी नोकरी जमीन मोजण्यात गेली. मोजणीवर गेलं की आमचा पहिला प्रश्न ठरलेला: स्टेशन कुठं धरलंय? शेतकरी बांधावरच्या दगडाकडे बोट दाखवत असतो आणि आम्ही यंत्राखालच्या खिळ्याकडे बघत असतो. तो खिळा पक्का नसेल तर पुढचे सगळे कोन, सगळी अंतरं कागदावर कितीही सुबक दिसोत, त्यांना अर्थ नाही.

पेरूच्या किनाऱ्यावर, कास्मा नदीच्या खोऱ्यात, चांकियो म्हणून जागा आहे. लिमाच्या उत्तरेला साडेतीनशे किलोमीटरच्या वर. वाळवंट, मधून जाणारी नदी, नदीकाठची हिरवी पट्टी. तिथल्या एका ठेंगण्या टेकडीच्या कण्यावर दक्षिणोत्तर रांगेत १३ दगडी बुरूज उभे आहेत. बांधकाम इ.स.पू. २५०च्या आसपासचं, म्हणजे इंका साम्राज्याच्या दीड हजार वर्षांहून आधीचं. रांगेची लांबी सुमारे ३०० मीटर. बुरूज २ ते ६ मीटर उंच आणि प्रत्येकाला उत्तरेकडून आणि दक्षिणेकडून आत घेतलेला जिना. दोन बुरुजांमधली फट मात्र जवळपास सारखी, ४.७ ते ५.१ मीटर. लांबून बघितलं तर करवतीचे दात वाटावेत.

बुरूज लोकांना कधीचे माहीत होते. शेजारच्या डोंगरावर तिहेरी तटाचं मोठं बांधकाम आहे, त्यामुळे किल्ल्याचाच भाग असेल म्हणून सोडून दिलं जायचं. इवान गेझी या पेरूच्या पुरातत्त्वज्ञाने आणि क्लाइव्ह रगल्स या ब्रिटिश अभ्यासकाने २००७ साली 'सायन्स'मध्ये मांडणी केली की हे बुरूज म्हणजे क्षितिजावर केलेलं सूर्याचं पंचांग आहे. २०२१ साली युनेस्कोने जागा जागतिक वारशाच्या यादीत घेतली.

आता 'अमुक प्राचीन वास्तू तमुक ताऱ्याकडे तोंड करून आहे' हे वाक्य आपण इतक्या वेळा ऐकलंय की मी आधी सवयीने बाजूला सारलं होतं. मग तपशील वाचले आणि थबकलो. कारण तिथे स्टेशन सापडलंय.

बुरुजांच्या पश्चिमेला एक मोठी इमारत आहे. तिच्या दक्षिण बाजूने बाहेरून ४० मीटर लांब बोळ जातो. हा बोळ इमारतीच्या आत कुठेच जात नाही. एका टोकाने शिरायचं, भिंतीच्या कडेने चालत जायचं आणि दुसऱ्या टोकाला एका उघड्या दारातून बाहेर बघायचं, की समोर तेराच्या तेरा बुरूज. चांकियोतल्या इतर दारांना अडसर अडकवायची सोय आहे, या एकाच दाराला नाही. म्हणजे हे दार बंद करण्यासाठी बांधलेलंच नव्हतं. आणि नेमकं या दाराशी मातीची भांडी, शिंपले, दगडी हत्यारं वाहिलेली सापडली. आपल्या भाषेत, तिथे कुणीतरी नैवेद्य ठेवत होतं.

त्या दारात उभं राहिलं तर जूनमधल्या अयनाला (सूर्य उत्तरेच्या टोकाला पोहोचतो त्या दिवशी) सूर्य डावीकडच्या सेरो मुचो मालो डोंगराचा उतार आणि पहिला बुरूज यांच्यामधल्या खाचेत उगवायचा. (तिथे तो हिवाळा, हे लक्षात ठेवा.) डिसेंबरच्या अयनाला शेवटच्या, तेराव्या बुरुजाच्या उजव्या अंगाला. वर्षभरातले सगळे सूर्योदय या दोन टोकांमध्ये. पूर्वेकडेही अशीच एक लहान एकटी इमारत आहे, तिथून हीच रांग सूर्यास्तासाठी चालते. रांगेची दोन टोकं आणि सूर्याच्या वर्षाची दोन टोकं जुळतात, तीही लोकांनी मुद्दाम बांधलेल्या ठिकाणावरून. हा पुरावा मला पटला.

हे सिद्ध करायला मोजणी कशी लागते, ते थोडं सांगतो.

सगळ्यात आधी खरी उत्तर. होकायंत्र इथे चालत नाही. नोकरीच्या सुरुवातीला एका पठारावर मी प्रिझमॅटिक कंपासने लाइन टाकली होती. दिवसभर उन्हात काम केलं आणि संध्याकाळी ट्रॅव्हर्स (फिरून सुरुवातीच्या बिंदूला येणारी रेषांची साखळी) बंद करायला गेलो तर बंद होईना. एकाच रेषेचं पुढून घेतलेलं बेअरिंग आणि मागून घेतलेलं बेअरिंग जुळत नव्हतं, चार अंशांचा फरक. काळा पाषाण, त्यावर कधीतरी वीज पडलेली, सुई त्याच्याकडे ओढली जात होती. दुसऱ्या दिवशी सगळं काम पहिल्यापासून केलं. तेव्हापासून दिशा हवी असेल तर सूर्याकडे जायचं हे मनावर कोरलं गेलं. यंत्राला काळी काच लावायची, सूर्यबिंबाची कड पकडायची, त्याच क्षणाची घड्याळातली वेळ लिहायची. वेळ आणि जागा ठाऊक असली की त्या क्षणी सूर्य कुठल्या दिगंशावर (उत्तरेपासून मोजलेल्या आडव्या कोनावर) होता ते गणिताने निघतं. मग त्या आधारावर बाकीच्या सगळ्या रेषा बांधायच्या. आता टोटल स्टेशन (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र) आहे, उपग्रहांवरून सेंटिमीटरमध्ये जागा मिळते, ड्रोनने अख्ख्या टेकडीचं त्रिमित प्रारूप तयार होतं. तरी पायाभूत गोष्ट तीच.

दुसरं म्हणजे क्षितिज. सूर्य नकाशावर उगवत नाही, डोंगराच्या कडेवर उगवतो. म्हणून प्रत्येक बुरुजाच्या माथ्याचा दिगंश आणि उन्नतांश (क्षितिजापासून वरचा कोन), दोन्ही घ्यावे लागतात. त्यातून आणि अक्षांशातून क्रांती काढायची, म्हणजे तिथे उगवणारी वस्तू आकाशातल्या विषुववृत्तापासून किती अंश उत्तरेला किंवा दक्षिणेला असली पाहिजे ते कळतं.

तिसरं मला सगळ्यात जास्त आवडलं. आज जाऊन अयनाच्या दिवशी फोटो काढला म्हणजे झालं, असं नाही. पृथ्वीच्या आसाचा कल आज २३.४४ अंश आहे, चांकियो बांधलं तेव्हा तो सुमारे २३.७३ होता. फरक ०.३ अंशाचा, म्हणजे सूर्यबिंबाच्या निम्म्याहून जास्त. २०० मीटरवरच्या बुरुजाशी याचा अर्थ होतो एक मीटर. तेवढं सूर्य तेव्हा टोकाला आणखी बाहेर जात असे. म्हणून आजचा सूर्योदय बघायचा आणि त्या काळचा गणिताने मांडायचा.

तुमचे विचार वाचायला आवडतील.

---

अश्विनी_नाशिक

काका, किती सुंदर लिहिलंय. मी गेली काही वर्षं शाळेतल्या मुलांना घेऊन शून्य सावलीचा दिवस करते. इकडे २० मेच्या सुमारास. दुसरा दिवस जुलैत येतो, तो दरवर्षी ढगात जातो.

चांकियोही उष्ण कटिबंधातच आहे ना? मग त्यांच्याकडेही सूर्य डोक्यावर येत असणार. त्याची काही खूण आहे का तिथे?

दुसरी शंका. अयनाच्या आसपास सूर्य हलतच नाही, मग त्यांना नेमका दिवस कसा कळायचा? मी गच्चीवरून एकदा डिसेंबरमध्ये आठवडाभर बघितलं होतं, मला काहीच फरक दिसला नाही.

---

बांधावरचा

अश्विनीताई, अक्षांश साडेनऊ अंश दक्षिण, त्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा डोक्यावर येतोच, १८ ऑक्टोबर आणि २४ फेब्रुवारीच्या आसपास. इंकांच्या राजधानीत, कुस्कोला, हेच ३० ऑक्टोबर आणि १३ फेब्रुवारीला. इंका काळाबद्दल लिहिणाऱ्यांनी या दिवसांना बरंच महत्त्व दिलंय. चांकियोचा पुरावा मात्र क्षितिजाचा आहे, तेवढ्यावरच मी थांबतो.

उष्ण कटिबंधाचा एक मोठा फायदा आहे, तो पंचांगवाले सोडून फार कुणी बोलत नाही. आपल्याकडे किंवा पेरूत सूर्य जवळजवळ सरळ उभा वर चढतो. इंग्लंडमध्ये स्टोनहेंजला तो क्षितिजावरून तिरका घसरत चढतो. हवेमुळे होणारं वक्रीभवन सूर्याला क्षितिजाशी अर्ध्या अंशाहून थोडं जास्त उचलून दाखवतं. तिरका चढणारा सूर्य तेवढ्याने बाजूलाही बराच सरकतो, सरळ चढणारा फारसा सरकत नाही. चांकियोच्या अक्षांशावर ही आडवी चूक जेमतेम ६ कलांची (एका अंशाच्या ६० कला). म्हणजे धुळीचा दिवस असो की थंड सकाळ, सूर्य त्याच फटीत दिसणार. अशा पंचांगासाठी निसर्गाने दिलेली ही उत्तम जागा आहे.

तुमची दुसरी शंका अगदी रास्त. अयनाच्या दिवसापासून पाच दिवस मागे किंवा पुढे गेलात तर सूर्याची क्रांती ०.१ अंशानेही बदललेली नसते. डोळ्याला ते कळणार नाही, तुम्हाला कळलं नाही यात तुमची काहीच चूक नाही. पण बुरूज असले तर युक्ती करता येते. सूर्य टोकाकडे जाताना एखाद्या बुरुजाच्या कडेला कधी लागला तो दिवस धरायचा, परत येताना त्याच कडेला कधी लागला तो दिवस धरायचा आणि मधले दिवस मोजून निम्मे करायचे. चांकियोत असंच करत होते असा दावा मी करत नाही. मी मोजणीदार म्हणून हेच केलं असतं.

विषुवाच्या (दिवस-रात्र सारखे असतात त्या दिवसाच्या) सुमारास उलट स्थिती. सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो. तिथल्या बोळातून एक फट एक अंशाहून थोडी जास्त रुंद दिसते. म्हणजे फट ओलांडायला तीनेक दिवस. गेझी आणि रगल्स यांनी अचूकता दोन-तीन दिवसांची धरली आहे, ती अशी हिशेबात बसते.

---

सह्यवासी

चांगला धागा. थोडी विरुद्ध बाजू मांडतो, राग नसावा.

तेरा बुरूज आणि बारा फटी असल्या की सूर्य कुठेतरी बसणारच ना? जुळणी शोधायची म्हटली की सापडते. बोलिव्हियातल्या तिवानाकूबद्दल मी लहानपणी वाचलं होतं की ते इ.स.पू. १५,०००चं आहे, तेही खगोलशास्त्राने 'सिद्ध' केलेलं. पेरूच्या वाळवंटात जमिनीवर आखलेल्या नाझकाच्या रेषांबद्दलही तेच. मग चांकियोवर विश्वास ठेवायचा आणि बाकीच्यांवर नाही, हे कशाच्या आधारावर?

---

बांधावरचा

सह्यवासी, राग कसला, हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणूनच धागा काढला. सविस्तर उत्तर देतो.

आधी तिवानाकू. आर्थर पोस्नान्स्की हा माणूस आयुष्यभर त्या जागेसाठी झटला, त्याच्या निष्ठेबद्दल मला शंका नाही. तिथल्या कालासासाया नावाच्या मोठ्या चौकोनी आवाराची टोकं अयनांच्या सूर्योदयाशी जुळवलेली आहेत असं त्याने गृहीत धरलं. मग मोजणीतून पृथ्वीचा कल काढला, तो आला २३ अंश ९ कलांच्या आसपास. आजच्यापेक्षा १८ कलांनी कमी. कल इतका कमी कधी होता, याचं गणित करून तो इ.स.पू. १५,०००ला पोहोचला.

आता १८ कला म्हणजे किती ते बघा. १०० मीटरवर अर्धा मीटर. उभ्या केलेल्या, शेकडो वर्षं वाऱ्यापावसात झिजलेल्या दगडांच्या कडा. माणूस नेमका कुठे उभा राहून बघत होता हे गृहीत धरलेलं. यंत्र बरोबर असेल, गणितही बरोबर असेल, पण स्टेशन अंदाजाने धरलं तर अर्धा मीटर इकडे-तिकडे व्हायला काय लागतं? आणि त्या अर्ध्या मीटरची हजारो वर्षं झाली. उत्खनन आणि कार्बन कालमापन यांवरून तिवानाकूचा भरभराटीचा काळ इ.स. ५०० ते १०००च्या दरम्यानचा ठरतो.

हा मोह फक्त तिथलाच नाही. आकाशाच्या संथ बदलांवरून प्राचीन काळ ठरवायची वाट आपल्याकडे लोकमान्यांनी 'ओरायन'मध्ये १८९३ सालीच चालून पाहिली होती, त्यांनी संपातचलन (विषुवबिंदूचं ताऱ्यांमधून हळूहळू सरकणं) धरलं. लोकमान्यांची विद्वत्ता मी मापू शकत नाही. पण जिथे थोड्या फरकाने मोठा काळ हलतो, तिथे सुरुवातीचा बिंदू दगडासारखा पक्का हवा, एवढं मी अनुभवाने म्हणेन.

नाझकाचं वेगळं. पॉल कोसोक २२ जून १९४१ला तिथे एका रेषेच्या टोकाशी होता आणि सूर्य बरोबर रेषेच्या पुढे मावळला. त्यातून कल्पना निघाली, मारिया रायखे यांनी तिच्यापायी आयुष्य दिलं. १९६८ साली जेराल्ड हॉकिन्सने रेषांची पद्धतशीर मोजणी करून संगणकावर तपासणी केली. जेवढ्या जुळण्या निघाल्या तेवढ्या योगायोगानेही निघाल्या असत्या. रेषा शेकड्यांनी, दिशा चहूकडे, आणि त्यांच्याकडे कुठून बघायचं ते ठरलेलं नाही.

चांकियोत तेराच बुरूज, एकच रांग. तुम्ही म्हणता तसं मधल्या एखाद्या फटीत सूर्य बसणं हा पुरावा नव्हेच. पण रांग नेमकी सूर्याच्या दोन टोकांशी सुरू होते आणि संपते, ना लांब ना आखूड. ती ज्या दारातून तशी दिसते ते दार फक्त तेवढ्यासाठीच बांधलेलं आहे. आणि बोळातून दोन मीटर बाजूला सरकलात तर २०० मीटरवरचा बुरूज अर्ध्या अंशाहून जास्त हलतो, म्हणजे एक अख्खं सूर्यबिंब. 'कुठूनही बघा, जुळेल' असली ही गोष्ट नाही.

---

सह्यवासी

हे पटलं. विशेषतः रांग टोकाशी संपते हा मुद्दा. धन्यवाद.

---

लिमा_ते_लांजा

मी लिमात खाणकामाच्या सर्वेक्षणात आहे, मूळचा लांज्याचा. दोन वर्षांपूर्वी मार्चमध्ये कास्माला कामासाठी गेलो होतो, तेव्हा एक दिवस जास्त राहून चांकियो बघितलं.

फोटोत जे कळत नाही ते सांगतो. बुरूज गुळगुळीत नाहीत. मातीच्या गाऱ्यात बसवलेले दगड, बऱ्याच ठिकाणी कोपरे ढासळलेले, खाली दगडांचा ढीग. जिन्यांच्या पायऱ्या काही बुरुजांवर अजून ओळखू येतात. टेकडीचा कणा एकसारखा नाही, मध्ये वळतो, त्यामुळे शेवटचे बुरूज थोडे वळून बसलेत. मी पश्चिमेच्या बाजूला उभा होतो तेव्हा सहाला थोडा वेळ होता. थंडी नव्हती, पण वाळू गार होती. आधी बुरुजांच्या मागचं आकाश पिवळं झालं, बुरूज पूर्ण काळे. मग दोन बुरुजांच्या मधोमध, खाली, एक ठिणगी दिसली. आमच्यातलं कुणीच काही बोललं नाही. तीन-चार मिनिटांत डोळ्यांना बघवेना आणि फट उजळून गेली.

व्यवसायाने मी रोज आरटीके (उपग्रहांवरून अचूक जागा सांगणारं यंत्र) घेऊन फिरतो, स्क्रीनवर तिसरा दशांश बघतो. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की मोजपट्टी जमिनीवर टाकायची नसते, जमिनीतूनच उभी करायची असते. सर्व्हेअर म्हणून मी त्या लोकांना आपल्यातलेच मानतो.

काका, एक तांत्रिक भर. अँडीजमध्ये ओळंबासुद्धा सरळ राहत नाही. १७३८ साली फ्रेंच मोहिमेतल्या बुगेरने चिंबोराझो पर्वताशेजारी हेच मोजायचा प्रयत्न केला होता, पर्वत ओळंब्याला स्वतःकडे किती ओढतो ते. आमच्या कामात त्याची दुरुस्ती करावी लागते. बुरुजांच्या कामात ती विकलांमधली (कलेच्या साठाव्या भागातली) गोष्ट आहे, तिथे फरक पडणार नाही.

---

बांधावरचा

लांजेकर, डोळ्यांसमोर उभं केलंत. खाली ठिणगी दिसते ते वाक्य मी दोनदा वाचलं. ओळंब्याची भर अचूक आहे. आपल्या हिंदुस्थानच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणालाही हिमालयाने असंच छळलं होतं.

---

शतभिषा

वाचतेय. इंका काळाबद्दल थोडी भर घालते.

टिटिकाका सरोवरातल्या सूर्याच्या बेटावर एक पवित्र खडक आहे, सूर्य तिथून जन्मला असं इंका मानत. डेव्हिड डिअरबॉर्न, मॅथ्यू सेडन आणि ब्रायन बाउअर यांना तिथल्या तिकानी नावाच्या कड्यावर दोन स्तंभांचे पाये सापडले. खडकासमोरच्या पटांगणातून बघितलं की जूनच्या अयनाला सूर्य त्या दोन स्तंभांच्या मधे मावळायचा. म्हणजे काकांच्या भाषेत, स्टेशन म्हणजे अख्खं पटांगण.

पण मला भिडलं ते पुढचं. कुंपणाच्या भिंतीबाहेरही एक जागा आहे, जिथून साध्या यात्रेकरूंना तोच सूर्यास्त दिसे. आतमध्ये राजघराणं, पुरोहित. बाहेरच्यांना सूर्य मावळताना दिसे तो आतल्या लोकांच्या डोक्यावर. 'सूर्याची लेकरं' हे शब्द नुसते सांगायची गरज नव्हती, ते दाखवलं जायचं. चांकियोतला अरुंद बोळसुद्धा सगळ्यांसाठी नसणार. पंचांग कुणाच्या हातात, हा प्रश्न आपल्यालाही काही नवा नाही.

कुस्को शहराभोवतीचे सूर्यस्तंभ स्पॅनिश लोकांच्या राजवटीत नाहीसे झाले, त्यांची वर्णनं तेवढी उरली. उरुबाम्बाच्या खोऱ्यात मात्र क्वेस्पिवांका वाड्यावरच्या डोंगरावर दोन स्तंभ अजून उभे आहेत.

आणि कुस्कोचे सेके! बर्नाबे कोबोने १६५३मध्ये पूर्ण केलेल्या ग्रंथात शहरातून निघणाऱ्या चाळीसेक रेषा आणि त्यांवरची ३२८ पवित्र स्थळं दिली आहेत. टॉम झुइडेमा म्हणतात, ३२८ म्हणजे चंद्राचे १२ नाक्षत्र महिने. १२ गुणिले २७.३, जवळपास ३२८. आपली २७ नक्षत्रं याच २७.३ दिवसांतून आलीत. वाचलं तेव्हा अंगावर काटा आला.

---

बांधावरचा

शतभिषा, भिंतीबाहेरच्या यात्रेकरूंचा मुद्दा मोलाचा आहे, तो माझ्याकडून सुटला होता.

सेकेंबद्दल मात्र जपून. चंद्र सगळीकडे २७.३ दिवसांतच ताऱ्यांमधून फेरी मारतो, त्यामुळे दोन दूरचे समाज त्याच आकड्याला पोहोचले तर नवल नाही, त्यात नातं शोधू नये. ३२८चा अर्थ झुइडेमांनी लावला तो विचार करायला लावणारा आहे, पण सगळ्यांनी मान्य केलेला नाही.

मला ब्रायन बाउअरचं काम जवळचं वाटतं. तो कोबोची यादी घेऊन अक्षरशः चालत सुटला. गावकऱ्यांना झऱ्यांची, खडकांची नावं विचारली, जुने जमिनीचे कागद शोधले. आमच्याकडे जुनं टिपण घेऊन शिवारात हद्दीचे दगड शोधतात, अगदी तसंच. टिपणात लिहिलेलं असतं 'आंब्यापासून साखळी इतकी, आणे इतके', आणि आंबा कधीच पडलेला असतो. तेहतीस फुटी साखळीचे सोळा आणे ज्यांनी हाताळलेत त्यांना कळेल मी काय म्हणतोय. बाउअरला दिसलं की अनेक सेके सरळ नाहीतच, वाकतात, वळतात. त्याआधी बरेच जण नकाशावर पट्टी ठेवून रेषा ओढायचे आणि त्या कुठल्या ताऱ्याकडे जातात ते बघायचे. जमिनीवर गेल्यावर पट्टी मोडली.

---

रानवारा

मी जुन्नरकडे शेती करतो. मोजणीतलं फार कळत नाही, पण एक गोष्ट वाचली होती ती इथे बसेल.

पेरू-बोलिव्हियातल्या डोंगराळ भागातले शेतकरी जूनच्या शेवटी, सेंट जॉनच्या सणाच्या सुमारास, पहाटे उंचावर जाऊन कृत्तिका बघतात. कृत्तिका ठसठशीत दिसल्या तर पाऊस वेळेवर, बटाट्याची लागण वेळेवर. पुसट दिसल्या तर पाऊस उशिरा, लागण पुढे ढकलायची. बटाट्याची मुळं वरच असतात, सुरुवातीला पाऊस चुकला तर पीक गेलं. २०००च्या आसपास शास्त्रज्ञांनी उपग्रहांच्या ढगांच्या नोंदी लावून बघितलं, तर एल निन्योच्या वर्षी जूनमध्ये तिथे खूप उंचावर विरळ ढग असतात. डोळ्याला ढग दिसत नाहीत, पण तारे मंद होतात. आणि एल निन्योच्या वर्षी पाऊस खरंच कमी होतो.

आमचे आजोबा मृगाची वाट बघायचे. मृग, आर्द्रा, हस्त ही आमची नक्षत्रं तारखेची, दरवर्षी त्याच दिवशी लागतात. त्यांनी यंदा पाऊस कसा येईल ते कळत नाही. त्या लोकांनी मात्र तारा किती तेज आहे ते बघितलं. मला वाटतं हे वेगळं ज्ञान आहे आणि मोठं आहे.

---

बांधावरचा

रानवारा, तुमच्या या प्रतिसादासाठी मी उभा राहून नमस्कार करतो. बेंजामिन ऑर्लोव्ह आणि सहकाऱ्यांचा तो लेख 'नेचर'मध्ये २००० साली आला. तुम्ही केलेला भेद, तारखेचं नक्षत्र आणि तेजाचं नक्षत्र, मी कुठे इतका स्वच्छ वाचला नव्हता.

केचुआ भाषेत कृत्तिकांना 'कोयका' म्हणतात, म्हणजे धान्याचं कोठार. आपली कणगी. बटाट्याची लागण ठरवणाऱ्या ताऱ्यांना कणगी म्हणावं, यात सगळं आलं.

---

शतभिषा

आणि त्यांची नक्षत्रं फक्त ताऱ्यांची नाहीत, आकाशगंगेतल्या काळ्या डागांचीसुद्धा आहेत. काळा लामा आहे, त्याचे डोळे म्हणजे नरतुरंगातले दोन ठळक तारे, आपण मित्र आणि मित्रक म्हणतो ते. मे महिन्यात कोकणातून दक्षिणेला बघा, ते दोन्ही दिसतात.

---

अश्विनी_नाशिक

काका, तुमचा धागा वाचल्यापासून मी रोज पहाटे गच्चीवर जातेय. आमच्या पूर्वेला जवळ डोंगर नाही. पाण्याची टाकी आहे, मग दोन इमारती, मोबाइल टॉवर, मग एक चिंचेचं झाड. गुरुवारी सूर्य टाकीच्या डाव्या कडेला उगवला. आज टाकीच्या मागून, बरोबर मधोमध. चार दिवसांत एवढा सरकतो हे मी पन्नास वेळा शिकवलंय, पण असं कधी बघितलं नव्हतं. वहीत चित्र काढून ठेवलंय. मुलांनाही करायला सांगणार आहे.

---

बांधावरचा

ताई, फार बरं वाटलं. दोन गोष्टी सांगतो. टाकी साधारण दीडशे-दोनशे मीटरवर असेल तर तुमचं एक पाऊल म्हणजे सूर्याचा जवळपास अर्धा दिवस. म्हणून गच्चीवर जिथे उभ्या राहता तिथे पावलांची खूण करा, खडूने नको, पावसात जाईल. आणि प्रत्येक दिवशी बिंबाची पहिली कड दिसते तोच क्षण धरा, अख्खं बिंब वर आल्यावर नाही. मार्चपर्यंतच्या नोंदी झाल्या की इथे टाका, मी क्रांती काढून देतो.

---

अश्विनी_नाशिक

खूण केली काका, लाल ऑइलपेंटने. तिथे आईने तुळशीची कुंडी ठेवली होती, तिला विचारून दोन फूट सरकवली. आता रोज पहाटे पाणी घालायला येते आणि तीही बघते. आज म्हणाली, कालच्यापेक्षा उजवीकडे आलाय.